चित्रकाराचीं दोन वर्षें

परीक्षांचे निकाल लागून प्रवेशाची धांदल सुरू झाली म्हणजे आमच्याकडे जीं पत्रें येतात, त्यांत अलीकडे एक नवा प्रश्न वारंवार दिसूं लागला आहे. मुलीस चित्रें काढण्याचा नाद आहे, हातहि बरा आहे. पुस्तकांचीं, मासिकांचीं, लहान मुलांच्या गोष्टींचीं चित्रें काढण्याचें पद्धतशीर शिक्षण देणारा दोन वर्षांचा पदवीक्रम घ्यावा असें तिच्या मनांत आहे. तर एवढा काळ व एवढा पैसा त्यांत घालणें शहाणपणाचें होईल काय? विचारणारे बहुधा दुकानदार, अडते, कारकून, वकील अशा पेशांचे गृहस्थ असतात, आणि त्यांच्या प्रश्नामागची काळजी आम्हांस क्षुद्र वाटत नाहीं. ज्यानें जन्मभर जमाखर्च लिहिला त्यानें या दोन वर्षांचाहि जमाखर्च मागितला, तर त्यांत कलेचा अपमान होतो असें मानणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं.

आमचें उत्तर होकारार्थी आहे. परंतु त्यास एक अट आहे, आणि ती मुलीस नव्हे, शाळेस लागू आहे. हीं दोन वर्षें जर हात आणखी सफाईदार करण्यांतच जावयाचीं असतील तर तीं वांचवावीं. सफाई ही वस्तु आज बाजारांत सर्वांत स्वस्त झालेली आहे. ज्या चित्रकारास मजकूर वाचतां येतो, आपलें चित्र छापून कसें निघेल हें कळतें आणि आपल्या कामावर आपला हक्क कोठपर्यंत चालतो हें ठाऊक असतें, तोच या धंद्यांत टिकतो; आणि या गोष्टी जी शाळा शिकवील तिच्याच पदवीस कांहीं मोल राहील.

प्रथम "दोन वर्षांची पदवी" या शब्दांचा घोळ काढून टाकला पाहिजे. अमेरिकेंत शाळा संपवून आलेल्या मुलास दोन वर्षांत मिळणारी एक धाकटी पदवी आहे, तीस असोसिएट म्हणतात. आणि चार वर्षांची पदवी घेऊन आलेल्या प्रौढ विद्यार्थ्यास पुढील दोन वर्षांत मिळणारी थोरली पदवी आहे, ती एम.एफ.ए. आमच्या कलाशाळांत चार वर्षांच्या बी.एफ.ए.नंतर दोन वर्षांची एम.एफ.ए. असाच प्रघात पडलेला आहे. धाकट्या पदवींत हात घडवावयाचा असतो. थोरलींत तो घडलेला आहे असें गृहीत धरलेलें असतें. परदेशीं मुलें पाठविण्याच्या गोष्टी बोलणाऱ्या पालकांनीं यांपैकीं कोणती पदवी पदरांत पडणार हें आधीं पाहावें. दोहोंस वर्षें सारखींच लागतात एवढ्यावरून दोन्ही सारख्या होत नाहींत.

थोरल्या पदवीचें काम काय, हें पाहावयाचें तर न्यूयॉर्कमधील एका शाळेचा इतिहास उपयोगी पडेल. १९४७ सालीं, म्हणजे ज्या सालीं आम्ही स्वतंत्र झालों त्याच सालीं, सायलस ऱ्होड्स व बर्न होगार्थ या दोघांनीं व्यंगचित्रकार आणि कथाचित्रकार तयार करण्यासाठीं म्हणून तेथें एक शाळा काढली. महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकन सरकारनें अंगावर घेतला होता, व शाळेचे पहिले विद्यार्थी पुष्कळसे असे सैनिकच होते. होगार्थ हा वर्तमानपत्रांतून टारझनच्या कथेचीं चित्रें काढणारा, म्हणजे धंद्यांत मुरलेला मनुष्य. पुढें १९५६ सालीं त्या शाळेचें नांव स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स असें झालें, आणि १९८४ सालीं मार्शल ॲरिसमन या चित्रकारानें तेथें कथाचित्रांचा दोन वर्षांचा एम.एफ.ए. क्रम सुरू केला. त्या क्रमाच्या नांवांतच "दृश्य निबंध" हे शब्द घातलेले आहेत, आणि त्यांतला आशय आम्हांस पटतो. निबंध लिहिणारास स्वतःचें कांहीं म्हणणें असावें लागतें. चित्रकारासहि तें असावें; परक्याच्या मजकुरावर वेलबुट्टी काढणें एवढ्यावर त्याचें काम संपूं नये.

याहूनहि जुनें उदाहरण हॉवर्ड पाइल याचें. १८९४ सालीं फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेंत त्यानें कथाचित्रांचा वर्ग सुरू केला, आणि १९०० सालीं ती संस्था सोडून विल्मिंग्टन गांवीं स्वतःची शाळा काढली. फी म्हणून विद्यार्थ्यांकडून त्यानें एक छदामहि घेतला नाहीं. मात्र विद्यार्थी थोडे घेतले व पारखून घेतले. काढणारानें आधीं मनानें त्या प्रसंगांत जाऊन उभें राहिलें पाहिजे, हा त्याच्या शिकवणीचा गाभा होता. त्याचा शिष्य एन. सी. वायेथ यानें १९११ सालीं स्टीव्हन्सनच्या "ट्रेझर आयलंड" या कादंबरीस चित्रें दिलीं. त्या कादंबरींत चांचे आहेत, खून आहेत, पुरलेलें द्रव्य आहे. चित्रकारास भुरळ पडावी असे प्रसंग पानोपानीं आहेत. मुलगा घर सोडून निघतो तेव्हां आईचा निरोप घेतल्याचा उल्लेख मात्र मूळ लेखकानें एका वाक्यांत उरकलेला आहे. वायेथनें तेंच वाक्य उचललें. पुढें गांठोडें घेऊन निघालेला मुलगा, आणि मागें तोंड झांकून रडणारी आई. लेखकानें जी जागा मोकळी ठेवली ती चित्रकारानें भरली, आणि तें चित्र पाहिल्यावर सगळी कादंबरी निराळी वाटूं लागते. ही गोष्ट हाताच्या सफाईनें साधत नाहीं. ती वाचनानें साधते.

आतां आपल्या घरचें पाहूं. या विद्येची आमच्याकडे परंपरा नाहीं असें कोणी समजूं नये. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगींतून १८५७ सालीं मुंबईची कलाशाळा उभी राहिली. १८६५ सालीं तेथें आलेले लॉकवुड किपलिंग हे शिल्प शिकविण्यास आले होते. पण पुढें त्यांनींच आपल्या मुलाच्या "किम" या कादंबरीसाठीं मातींत उठावाचीं चित्रें घडविलीं व त्यांचे फोटो पुस्तकांत छापले गेले. याच शाळेंत शिकून तेथेंच शिक्षक झालेले रावबहादूर धुरंधर यांनीं १९१४ सालीं निघालेल्या किंकेड यांच्या दख्खनी कहाण्यांच्या इंग्रजी पुस्तकास चित्रें दिलीं. लेखक परका, भाषा परकी, वाचकहि बहुशः परके. पण चित्रांत जें नेसणें आहे, जें घर आहे, तें इथलें आहे. स्वदेशीचा एक अर्थ आम्ही असाहि समजतों.

१९३५ सालीं या कलाशाळेंत जाहिरातीच्या चित्रकलेचा वेगळा विभाग निघाला, आणि १९६१ सालीं त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. हें पाऊल योग्यच होतें, कारण धंद्याच्या चित्रकलेस त्यामुळें प्रतिष्ठा मिळाली. तथापि कथाचित्र हें त्या दिवसापासून जाहिरातीच्या घरीं आश्रितासारखें वाढलें. जाहिरातींत चित्रानें क्षणांत नजर पकडावी लागते. पुस्तकांतल्या चित्राकडे मूल शंभर वेळां परत येतें. दोहोंचा स्वभावच भिन्न. एकाच मास्तरानें, एकाच तासांत, एकाच कसोटीनें दोन्ही शिकविलीं तर त्यांतलें दुबळें मरावयाचें, आणि आमच्याकडे ओढगस्त कथाचित्राचीच झाली. २०२३ सालीं मुंबईच्या या शाळेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. अभिमत विद्यापीठास आपला अभ्यासक्रम आपण ठरवितां येतो. तेव्हां वरची समिति ऐकत नाहीं ही जुनी सबब आतां चालावयाची नाहीं. दोन वर्षांच्या थोरल्या पदवींत कथाचित्रास स्वतःचें घर द्यावें अशी आमची सूचना आहे, आणि ती या शाळेपुरती नसून राज्यांतील सर्वच कलाशाळांस उद्देशून आहे.

त्या घरांत काय व्हावें? सर्वांत आधीं वाचन. एक उदाहरण देतों. श्रावणांतल्या शुक्रवारची कहाणी आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो आणि गरीब बहिणीस बोलावीत नाहीं; ती मुलांना घेऊन आपणच जाते व अपमान घेऊन परतते; पुढें देवीच्या कृपेनें तीस संपत्ति येते, तेव्हां भाऊ जेवावयास बोलावतो, आणि ती अंगावरचे दागिने उतरून त्यांवर एकेक घांस ठेवते. या कहाणीस एकच चित्र द्यावयाचें असें विद्यार्थ्यांस सांगितलें तर बहुतेक सर्वजण दागिन्यांचा देखावा काढतील. दागिने काढण्यास बरे, रंगास वाव आहे, आणि कहाणीचा चमत्कारहि तोच. परंतु तो प्रसंग शब्दांनींच पुरता सांगितलेला आहे. चित्रानें त्यांत भर पडत नाहीं. ज्या विद्यार्थ्याच्या मनांत पहिल्या दिवशीं मुलांच्या पंक्तींत खालीं मान घालून बसलेली बहीण येईल, आणि तिला पाहून न पाहिल्यासारखें करणारा वाढपी येईल, तो विद्यार्थी कथाचित्रकार. असे पन्नास मजकूर, कहाण्या, बखरींतले प्रसंग, दलित आत्मकथनें, शेतकी खात्याचीं माहितीपत्रकें, दोन वर्षांत वाचून घ्यावेत आणि प्रत्येकाबद्दल चित्र काढण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें "मी हाच क्षण कां निवडला" हें एक पानभर लिहून द्यावें. लिहितां आलें नाहीं तर चित्र पाहूंच नये.

येथें कोणी म्हणेल कीं वसंत सरवटे कोणत्या कलाशाळेंत दोन वर्षें बसले होते? ते शिक्षणानें स्थापत्य अभियंते, नोकरी सिमेंट कंपनींत; आणि "ललित" मासिकांतील ठणठणपाळाची मूर्ति उभी केली ती त्यांनींच. आक्षेप खरा आहे. पण सरवट्यांसारखा मनुष्य जन्मभर साहित्य वाचीत होता, लेखकांच्या खोड्या ओळखीत होता, आणि म्हणूनच त्याची रेघ बोलत होती. अपवादात्मक माणसें जें आयुष्यभर आपल्या आवडीनें करितात तें साधारण बुद्धीच्या कष्टाळू माणसाकडून थोड्या काळांत शिस्तीनें करवून घेणें, याचसाठीं शाळा असते. नाहीं तर शाळेचें प्रयोजन काय?

वाचनाकडे पाठ फिरविली म्हणजे काय होतें, हें आमच्या दिवाळी अंकांनीं दाखविलें आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या "मनोरंजन" मासिकानें १९०९ सालीं दिवाळी अंकाची चाल पाडली. दीनानाथ दलालांनीं १९४५ पासून "दीपावली" काढून चित्रांस त्या अंकांत मानाचें पान दिलें. रघुवीर मुळगांवकरांच्या चित्रांनीं घरोघरच्या भिंती सजल्या. हे दोघेहि गोमंतकाचे सुपुत्र, दोघांचाहि हात असामान्य. परंतु मुखपृष्ठावर सुंदर स्त्री असली कीं अंक खपतो, एवढाच धडा त्यांच्या अनुकरण करणारांनीं घेतला, आणि आंत गिरणी कामगाराची कथा असो कीं दुष्काळाची, वर तीच गजरा माळलेली सुंदरी वर्षानुवर्षें हंसत राहिली.

छापखान्याविषयीं थोडक्यांत सांगतों. राजा रविवर्म्यांनीं १८९४ सालीं मुंबईंत दगडी छापखाना काढला, तेव्हां एका चित्रास रंगागणिक निराळा दगड लागत असे, आणि चित्रकारास त्या दगडांपाशीं उभें राहावें लागे. आज विद्यार्थी पडद्यावर चित्र काढतो. पडद्यावर प्रकाशानें उजळलेला रंग चार शाईंच्या ठिपक्यांत उतरला म्हणजे मलूल होतो, आणि स्वस्त कागदावर शाई पसरून बारीक रेघा एकमेकींस चिकटतात. ज्यानें महिनाभर छापखान्यांत उभें राहून कच्चे छाप पाहिले आहेत त्यास हें एकदां कळतें तें कायमचें कळतें.

याच रविवर्म्यांस तो छापखाना कर्जामुळें पुढें श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला, आणि त्याबरोबर आपलीं पुष्कळ चित्रें छापण्याचा हक्कहि द्यावा लागला. राजेरजवाड्यांत वावरणाऱ्या चित्रकाराची ही स्थिति, तर विशी-पंचविशींतल्या पदवीधराची काय होत असेल? कायद्याचें शिक्षण कलाशाळेंत अनाठायीं होय असें ज्यांस वाटतें त्यांनीं पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें चित्राच्या हक्काचा पहिला धनी चित्रकार. यास अपवाद आहेत. नोकरींत असतांना नोकरीच्या कामांत काढलेलें चित्र, उलट करार नसेल तर, मालकाचें होतें. मात्र वर्तमानपत्राच्या वा मासिकाच्या नोकरींतल्या चित्रकाराबाबत मालकाचा हक्क नियतकालिकांत छापण्यापुरताच आहे; तेंच चित्र पुस्तकांत, कॅलेंडरावर वा डब्यावर घालावयाचें तर हक्क चित्रकाराचा. मोबदला देऊन, सांगून काढवून घेतलेलें रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र असेल तर, उलट करार नसल्यास, तें काढवून घेणाराचें. म्हणजे घरीं बसून बाहेरचीं कामें घेणाऱ्या तरुण चित्रकारानें कागदावर कांहीं लिहून घेतलें नाहीं तर त्याचें चित्र कोणाचें, हा वाद उभा राहण्यास जागा आहे, आणि वाद लढण्याची ऐपत बहुधा एकाच पक्षाची असते.

हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी व सहीनिशीं द्यावा लागतो. लेखांत मुदत घातली नसेल तर ती पांच वर्षें समजली जाते; प्रदेश घातला नसेल तर भारतापुरताच हक्क गेला असें धरलें जातें. २०१२ च्या दुरुस्तीनें आणखी एक संरक्षण आलें: करार झाला त्या वेळीं जें माध्यम अस्तित्वांतच नव्हतें वा व्यापारांत आलेलें नव्हतें, त्याचा स्पष्ट उल्लेख केल्यावांचून त्या माध्यमापुरता हक्क जात नाहीं. आणि सर्व हक्क विकून टाकल्यावरहि चित्र आपलें आहे असें सांगण्याचा, आणि त्याची मानहानिकारक मोडतोड झाली तर दाद मागण्याचा अधिकार सत्तावन्नाव्या कलमानें चित्रकाराजवळ राहतो. हें कलम पोकळ नाहीं. अमरनाथ सहगल यांचें दिल्लीच्या विज्ञान भवनांतील भित्तिशिल्प सरकारनें काढून अडगळींत टाकलें. २००५ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें शिल्पाचे उरलेले भाग त्यांस परत देण्याचा हुकूम केला व पांच लक्ष रुपये नुकसानभरपाई देवविली. हें सर्व शिकविण्यास वकिलाचीं बारा व्याख्यानें व चार कराराचे नमुने पुरेत.

आणि आतां यंत्र. २०२२ सालापासून चार शब्द टंकले असतां चित्र तयार करून देणारीं यंत्रें सर्वांच्या हातीं आलीं आहेत. हजारों चित्रकारांचीं कामें न विचारतां त्यांच्या पोटांत घातलीं अशी तक्रार घेऊन तीन चित्रकार जानेवारी २०२३ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयांत गेले. पुढच्याच महिन्यांत अमेरिकेच्या कॉपीराइट खात्यानें एका चित्रकथेबाबत असा निर्णय दिला कीं तींतला मजकूर व मांडणी यांस संरक्षण आहे, यंत्रानें काढलेल्या चित्रांस नाहीं. आपल्या मालावर यंत्राचें चित्र छापून पैसे वांचले म्हणून समाधान मानणाऱ्या व्यापाऱ्यांनीं हा निर्णय ध्यानांत घ्यावा. माल तिकडे गेला आणि शेजाऱ्यानें तेंच चित्र उचललें तर कॉपीराइटच्या आधारें त्यास अडविणें कठीण. यंत्रास सफाई येते, भरपूर येते; पण मुलांच्या पंक्तींतली बहीण त्यास आपणहून सुचत नाहीं. म्हणूनच आम्हीं आरंभीं म्हटलें कीं नुसत्या सफाईसाठीं दोन वर्षें घालवूं नयेत.

शेवटीं एक गोष्ट प्रकाशक व व्यापारी वाचकांस सांगावयाची. शाळेनें चांगला चित्रकार तयार केला तरी त्यास काम देणारे तुम्ही आहां. लेखकाचें नांव मुखपृष्ठावर आणि चित्रकाराचें नांव कोठेंच नाहीं, चित्र एकदां छापण्याचें ठरवून दहा आवृत्त्यांत वापरावयाचें, मूळ चित्र मागितलें तर गहाळ झालें म्हणावयाचें, हे प्रकार आमच्या पेठांत राजरोस चालतात, आणि ते करणारे पुष्कळदां इतर व्यवहारांत चोख माणसें असतात. कापडाचें ठाण घेतांना ज्यास पावती लागते त्यास चित्र घेतांना कागद नकोसा कां वाटावा? दिवाळी अंकांचीं कामें श्रावणांत हातीं घेतलीं जातील. चित्रकारास जें पत्र पाठवाल त्यांत चित्र कोणत्या कामासाठीं, किती आवृत्त्यांपुरतें, किती मोबदल्यास, मूळ चित्र कोणाकडे राहणार आणि नांव कोठें छापणार, एवढें लिहून दोघांनीं सह्या कराव्यात. अशा पत्राचा एक साधा मराठी मसुदा आम्ही उद्यांच्या अंकांत देत आहों. त्यांत कोणास अडचण दिसली तर ती कळवावी, आम्ही ती छापूं.